वृद्धांच्या मानसोपचारात करिअर: डीएम मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर?

प्रश्न: मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. मुंबईत सरकारी कॉलेजात मानसोपचारात एमडी करते आहे, दुसरं वर्ष चालू आहे. ओपीडीत वयस्कर पेशंट आले की त्यांच्याजवळ जास्त वेळ बसावंसं वाटतं. सिनियर म्हणतात, "त्यात काय ठेवलंय? डिमेन्शिया कधी बरा होतो का?" घरचे म्हणतात, व्यसनमुक्ती केंद्र काढ, त्यात पैसा आहे. वृद्धांच्या मानसोपचारात डीएम (एमडीनंतरची सुपर-स्पेशालिटी पदवी) करावं का? नाही मिळालं तर काय? आणि लातूर-नांदेडसारख्या ठिकाणी हे चालेल का? – एक रेसिडेंट

उत्तर: डॉक्टर, आधी तुमच्या सिनियरांचं म्हणणं निकालात काढू. डिमेन्शिया, म्हणजे वाढत जाणारा स्मृतिभ्रंश, बहुतेकदा बरा होत नाही, हे खरं. पण सत्तरीचा माणूस मानसोपचाराच्या ओपीडीत आला म्हणजे डिमेन्शियाच, हे गृहीत धरणं चूक आहे, आणि ही चूक जुनी आहे. इंग्लंडमधल्या ग्रेलिंगवेल रुग्णालयात भरती झालेल्या वृद्ध मनोरुग्णांचं पुढे काय झालं, याचा माग मार्टिन रॉथ यांनी काढला आणि १९५५ साली तो प्रसिद्ध केला. नैराश्याचे रुग्ण बरेचसे सुधारून घरी गेले होते. अचानक भ्रम झालेले एक तर थोडक्या काळात बरे झाले, नाही तर गेले. डिमेन्शियातले बहुतेक दोन वर्षांत दगावले. वॉर्डात शेजारी-शेजारी पडलेली, वरून सारखीच दिसणारी माणसं, पण आजार वेगळे आणि गतीही वेगळी. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून घरचे सोडून देतात आणि 'वयोमानानं होतं' म्हणून डॉक्टर सोडून देतात. या दोघांच्या तावडीतून बरा होण्यासारखा माणूस हुडकून काढायचा, हे या शाखेचं निम्मं काम.

त्यासाठी लागतो तो 'कधीपासून?' हा प्रश्न. तासा-दिवसांत बिघडलं, दुपारी बरे असतात आणि रात्री बरळतात, तर डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला भ्रम. काही आठवड्यांत माणूस मिटत गेला, तर नैराश्य. वर्षा-दोन वर्षांत हळूहळू सरकत गेलं, तर डिमेन्शिया. पुस्तकात हे तक्त्यात असतं, ओपीडीत मात्र मुलगा म्हणतो, "झालं असेल वर्षभर." या उत्तराचा काही उपयोग नाही. सणवार धरून विचारा. मागच्या दिवाळीत चकलीचं पीठ कुणी मळलं? गणपतीत आरत्या न अडखळता म्हणत होते का? पेन्शन आणायला बँकेत एकटे कधीपर्यंत जात होते? दोन महिन्यांपूर्वीपर्यंत सगळं चोख होतं असं निघालं, तर अल्झायमर लिहायची घाई करू नका. पेशंट मधे कधी पडले होते का, ते विचारा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असलेल्या आजींना न्हाणीघरात लागलेला किरकोळ मार तीन-चार आठवड्यांनी मेंदूभोवती रक्त साकळून दिसतो, आणि तोवर घरचे तो मार विसरून गेलेले असतात. चाल बिघडली आहे, लघवी कपड्यात होते आणि विसरणंही वाढलं आहे, असं तिन्ही एकत्र दिसलं तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी वाढलंय का, ते स्कॅनवर पाहा. बी-१२, थायरॉइड, सोडियम, कॅल्शियम, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन या तपासण्या पहिल्याच भेटीत सांगायच्या. कानातला मळसुद्धा बघायचा. ऐकू न आल्यामुळे चुकीची उत्तरं देणारे पेशंट 'विसरभोळे' म्हणून पाठवले जातात.

उरलेलं निम्मं काम गोळ्यांच्या पिशवीत असतं. अपॉइंटमेंट देतानाच सांगून ठेवा: घरात जे जे पोटात किंवा डोळ्यात जातं ते सगळं आणा. मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेलं, आयुर्वेदिक, डोळ्यांचे थेंब, शेजारणीनं दिलेली झोपेची गोळी, काही सोडू नका. मग ती पिशवी टेबलावर ओता. एक साखळी तुम्हाला वारंवार दिसेल. जळजळ होते म्हणून पित्ताची कॅप्सूल सुरू होते, तिच्यात रॅबेप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड असतं. काही आठवड्यांनी हात थरथरतात, चाल आखडते, चेहऱ्यावरचे भाव जातात. दुसरा डॉक्टर पार्किन्सन समजून ट्रायहेक्सिफेनिडिल देतो. त्यानं शौचाला होत नाही, लघवी अडते, रात्री भिंतीवर माणसं दिसू लागतात. तिसरा डॉक्टर त्या भासांसाठी हॅलोपेरिडॉल देतो आणि आखडणं दुप्पट होतं. चौथा डॉक्टर म्हणजे तुम्ही. इथे नवं काही लिहायचं नाही. लेव्होसल्पिराइड आणि हॅलोपेरिडॉल बंद, ट्रायहेक्सिफेनिडिल टप्प्याटप्प्यानं कमी, आणि घरच्यांना स्पष्ट सांगायचं की थरथर जायला काही आठवडे, कधी काही महिने लागतील. हे सांगितलं नाही तर पंधरा दिवसांत ते पाचव्या डॉक्टरकडे जातात. थरथर काही महिन्यांनीही राहिलीच तर आत खरोखरचा पार्किन्सन होता आणि औषधानं तो लवकर उघडा पडला, असं समजून न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा.

चक्करेसाठी वर्षानुवर्षं चालू राहिलेली सिनॅरिझिन आणि फ्लुनॅरिझिन हेच करतात. पाठदुखीसाठी अमिट्रिप्टिलिन, पोटात मुरडतं म्हणून क्लोरडायझेपॉक्साइड-क्लिडिनियम, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन, अशी एकेक गोळी निरुपद्रवी वाटते. चारही एकाच माणसाच्या पोटात गेल्या की स्मृती ढासळते. डोळ्यांच्या थेंबांकडे तर कुणी पाहतच नाही. काचबिंदूसाठी टिमोलॉल चालू असताना डोनेपेझिल सुरू केलं तर नाडी मंदावून माणूस चक्कर येऊन पडू शकतो. म्हणून डोनेपेझिल लिहिण्याआधी नाडी मोजायची आणि ईसीजी काढायचा. डोस ५ मिलिग्रॅम, चार ते सहा आठवड्यांनी १०. रात्री घेऊन भयंकर स्वप्नं पडत असतील तर सकाळी द्या.

मूत्रपिंडाचं काम सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट वाचायलाही नव्यानं शिकावं लागेल. १.१ आकडा असतो, शेजारी 'नॉर्मल' छापलेलं असतं. ७८ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजींसाठी तो नॉर्मल नाही. १४० मधून वय वजा करा, ६२. गुणिले वजन, २७९०. त्याला ७२ गुणिले १.१, म्हणजे ७९.२ नं भागा, आले ३५. स्त्री आहे म्हणून गुणिले ०.८५, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण मिनिटाला जेमतेम ३० मिलिलिटर. मेमँटिन, प्रीगॅबालिन, लिथियम यांचे डोस या आकड्यावर ठरतात, छापील 'नॉर्मल'वर नाही. लिथियमवर वीस वर्षं छान चाललेल्या आजोबांना गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा बीपीसाठी थायझाइड मिसळलेली गोळी कुणी सुरू केली की रक्तातली पातळी चढू लागते. जुलाब, हातांची मोठी थरथर, तोल जाणं ही तिची पहिली लक्षणं. वृद्धांत पातळी साधारण ०.४ ते ०.८ च्या मध्ये ठेवतात, आणि कमी पातळीवरही विषबाधेची लक्षणं दिसू शकतात हे लक्षात असू द्या.

तपासणीचा क्रम सांगते, कारण तो चुकला की पुढचं सगळं चुकतं. आधी पेशंटशी एकट्यानं बोला, मग नातेवाइकांशी वेगळं. दोघांना एकत्र बसवलं की सून उत्तरं देते आणि सासूबाई तिच्याकडे मान वळवून बघतात. हे मान वळवणंही टिपून ठेवा, डिमेन्शियात ते फार दिसतं. पहिल्या भेटीला पाऊण तास ते तास धरा. आडवं पाच मिनिटं ठेवून बीपी घ्या, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर रात्री लघवीला उठताना हा माणूस पडणार, आणि तुम्ही लिहिलेली क्वेटियापिन त्याला आणखी लवकर पाडणार. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत बसायला सांगा. १२ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरा.

स्मृती आणि आकलन तपासणारी १९७५ ची मिनी मेंटल परीक्षा शाळा शिकलेल्या माणसासाठी बनली आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला १०० मधून सात-सात वजा करायला लावून 'गुण कमी' लिहिणं हा अन्याय आहे. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षर लोकांसाठी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली, तिचा लेख १९९५ चा आहे. त्याच कामातून रोजच्या व्यवहारांवरची ११ प्रश्नांची एव्हरीडे ॲबिलिटीज स्केल फॉर इंडिया आली. या दोन्ही हाताळून बघा. मराठीत बोलताना तारीख विचारण्याऐवजी तिथी, महिना, बाजाराचा वार विचारा. एकादशी कधी झाली हे जिला नेमकं सांगता येतं तिला इंग्रजी तारीख न येणं हा आजार नव्हे. हिशेबासाठी शंभराची नोट देऊन पस्तीसची भाजी घ्यायला लावा. चहा करायला सांगितला तर क्रम चुकतो का, गॅस चालू राहतो का, देवळातून परतताना वाट चुकली का, हे घरच्यांना विचारा. आणि पेशंट चष्मा घरी विसरला असेल तर चित्रं ओळखायची चाचणी पुढच्या भेटीवर टाका.

नैराश्याबद्दल. आपल्याकडचे आजी-आजोबा 'उदास वाटतं' म्हणत नाहीत. डोकं बधिर होतं, पायात आग होते, छातीत धडधड, तोंडाला चव नाही, हे म्हणतात. चार ठिकाणच्या एंडोस्कोपी आणि टूडी-इकोची फाईल जाड होत जाते. जेरियाट्रिक डिप्रेशन स्केलची १५ प्रश्नांची आवृत्ती वाचून दाखवा, त्यात पाच किंवा जास्त आले तर सविस्तर बोला. मरणाचा विचार थेट विचारा. "देवानं न्यावं" हे म्हातारपणाचं सर्वसाधारण बोलणं समजून पुढे जाऊ नका, कारण वृद्ध माणूस इशारे कमी देतो आणि प्रयत्न केला तर वाचण्याची शक्यता कमी असते. गावाकडे शेतातलं कीटकनाशक कुठे ठेवलंय, कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, हे त्याच भेटीत विचारा. एसिटालोप्रॅम आठवडाभर ५ मिलिग्रॅम, मग १०. पासष्टीपुढे सहसा १० च्या वर जात नाहीत, कारण ईसीजीतलं क्यूटी हे अंतर लांबतं. सोडियम आधी बघा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, विशेषतः बीपीसाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड चालू असेल तर. औषध सुरू झाल्यावर गोंधळ वाढला तर लोक डोस वाढवतात. खरं तर तेव्हा सोडियम १२२ वर आलेलं असू शकतं. भूक आणि झोप दोन्ही गेलेल्या वाळलेल्या पेशंटला मिर्टाझापिन ७.५ मिलिग्रॅम रात्री बरी पडते. गुण दिसायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो, आठ आठवडेसुद्धा. आणि अन्नपाणी सोडलेल्या, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पेशंटला ईसीटीइतकं (मेंदूला नियंत्रित विजेचा झटका देण्याचा उपचार) दुसरं काही चालत नाही. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ती देणं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं बंद आहे, हे घरच्यांना आधी सांगा. त्यांच्या डोक्यात सिनेमातला शॉक असतो.

डिमेन्शियाकडे येऊ. इथेही 'काही करता येत नाही' हे खरं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना डिमेन्शिया आहे. यातल्या बहुतेकांना घरचेच सांभाळतात. त्यामुळे तुमच्यासमोर दोन पेशंट असतात: विसरणारा आणि सांभाळणारी. घरचे येतात ते सहसा विसरण्यासाठी नाहीच. ओरडतात, रात्रभर फिरतात, अंघोळीला मारायला उठतात, सुनेनं दागिने चोरले म्हणतात, यासाठी येतात. लगेच गोळी लिहू नका. सात दिवसांची वही ठेवायला सांगा: किती वाजता, त्याआधी काय घडलं, कोण होतं, मग काय केलं. वही आली की कारण बहुतेकदा तिच्यातच सापडतं. अंघोळीचा दंगा सकाळी सहाच्या गार न्हाणीघरात होतो, किंवा सासऱ्यांना सून अंघोळ घालते आणि त्यांना लाज वाटते, पण ती सांगता येत नाही. वेळ दुपारची करा, कमरेला पंचा राहू द्या, स्टूल ठेवा, मुलगा किंवा पुरुष मदतनीस ठेवा. संध्याकाळच्या आरडाओरड्याआधी चार दिवस शौचाला झालेलं नसतं, किंवा दात दुखत असतो. अंगठी हरवली तर वाद घालायचा नाही, सोबत शोधायची.

एवढं करूनही स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल अशी वेळ आली तर रिस्पेरिडोन हे अँटिसायकोटिक औषध ०.२५ मिलिग्रॅमपासून. पण लिहिण्याआधी कुटुंबाला सांगा की या गटातल्या औषधांनी डिमेन्शियाच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण वाढतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्ये तसा ठळक इशारा दिला आहे. हे सांगितल्याची नोंद केसपेपरवर करा. चार महिन्यांच्या आत कमी करून बघायची तारीखही तिथेच लिहा, नाहीतर ती गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. लहान मुलं किंवा प्राणी स्पष्ट दिसतात, झोपेत हातपाय झाडतात, दिवसागणिक शुद्धीत चढउतार होतो, अशा माणसाला हॅलोपेरिडॉल चुकूनही नको. लेवी बॉडी डिमेन्शियात त्यानं जीव जाऊ शकतो.

आता तुमचा खरा प्रश्न. डीएमच्या जागा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. लखनऊच्या किंग जॉर्ज मेडिकल युनिव्हर्सिटीत वृद्धांच्या मानसिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग आहे, आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये डीएमही आहे आणि एक वर्षाची फेलोशिपही. डीएम तीन वर्षांचं. लखनऊसाठी नीट-एसएस आणि निम्हान्ससाठी आयएनआय-एसएस अशा प्रवेशपरीक्षा वेगळ्या आहेत, तेव्हा दोन्हींची माहितीपत्रकं त्या त्या वर्षी स्वतः वाचा. सिनियरांच्या आठवणीवर विसंबू नका. महाराष्ट्राच्या बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष मध्ये येतं, त्याचा हिशेब आत्ताच करा. शिकवायचं असेल, संशोधन करायचं असेल, मोठ्या शहरात स्मृती-चिकित्सा केंद्र उभारायचं असेल तर डीएम जरूर करा. जिल्ह्याच्या गावी दवाखाना हाच बेत असेल तर आमच्या मते एक वर्षाची फेलोशिप पुरते. उरलेली दोन वर्षं पेशंट बघण्यात घालवा. फेलोशिपही नाही मिळाली तरी अडत नाही, कारण वर सांगितलेलं बहुतेक सगळं चांगल्या एमडीला करता येतं. फक्त न्यूरॉलॉजी आणि मेडिसिनच्या वॉर्डात काढलेला वेळ लागतो. इंग्लंडचा रस्ता लांब पण सुसूत्र आहे: एमआरसीसायक ही तिथली मानसोपचाराची परीक्षा, मग वृद्धांच्या मानसोपचारात तीन वर्षांचं वरिष्ठ प्रशिक्षण. तिथे १९८९ पासून ही मान्यताप्राप्त वेगळी शाखा आहे. अमेरिकेत मानसोपचाराची रेसिडेन्सी संपवून एक वर्षाची फेलोशिप.

लातूर-नांदेडला 'फक्त वृद्धांचा मानसोपचार' अशी पाटी लावून पहिली दोन वर्षं चालणार नाही, हे आधीच मान्य करा. एका पेशंटला तास लागतो आणि फी मात्र इतरांइतकीच घेता येते. कमाई साध्या मानसोपचाराच्या ओपीडीपेक्षा कमीच राहील. म्हणून आठवड्याचे चार दिवस नेहमीची ओपीडी आणि दोन दुपारी राखून वृद्धांसाठी, असा जम बसवा. पेशंट येतील ते हाडांच्या दवाखान्यांतून आणि आयसीयूंतून. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री म्हातारा सलाईन उपसतो आणि तुम्हाला फोन येतो. तिथे जाऊन नुसतं हॅलोपेरिडॉल सांगून येऊ नका. कॅथेटर काढता येईल का, सोडियम किती, लघवीत जंतुसंसर्ग आहे का, वेदनेला काय दिलंय, रोजची दारू किंवा झोपेची गोळी अचानक बंद झाली का, हे एकेक तपासा. रात्री शांत करायला प्रोमेथाझिन किंवा फेनिरामिनचं इंजेक्शन देण्याची पद्धत असते, ती थांबवायला सांगा, त्यानं भ्रम वाढतो. चष्मा, श्रवणयंत्र, एक घरचं माणूस आणि खिडकीतून दिसणारा दिवस हवा. आणि जो पेशंट दंगा करत नाही, नुसता गुंगून पडलाय, त्याला बघायचा आग्रह तुम्ही धरा. सिस्टर म्हणतात 'शांत आहेत', पण त्यातले कित्येक डिलिरियममध्येच असतात. पहिल्या चार-पाच पेशंटना असा गुण आला की ऑर्थोपेडिकवाले स्वतःहून बोलवू लागतात.

दवाखाना तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या जागी घ्या. व्हीलचेअर जाईल असा तीन फुटी दरवाजा, हात असलेल्या खुर्च्या, कमोड आणि त्याच्या बाजूला पकडायला दांडे. ईसीजी मशीन स्वतःचं असू द्या. पेशंट भरती ठेवणार असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. ती कटकट पहिल्या वर्षी अंगावर घेऊ नका. त्याऐवजी एक चांगली समुपदेशक किंवा समाजसेविका नेमा, घरी जाऊ शकेल अशी. गोव्यात डिमेन्शियाच्या कुटुंबांना घरी जाऊन मदत करणाऱ्या, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित सल्लागारांचा प्रयोग झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध आहे. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण त्यानं कमी झाला. गोव्यातच साठीपुढच्या १८१ लोकांवरचा दुसरा प्रयोग २०१९ मध्ये आला. अडचण सोडवण्याची पद्धत आणि झोपेच्या सवयी साध्या कार्यकर्त्यांनी शिकवल्या, तर वर्षभरात नैराश्य आलं सुमारे ४ टक्क्यांना, एरवीच्या गटात १४ टक्क्यांना. मराठवाड्यात हेच आशाताई आणि तुमची समाजसेविका मिळून करू शकतात.

व्यसनमुक्तीचा घरच्यांचा सल्ला तितकासा परका नाही. अल्प्राझोलामवर पंधरा वर्षं झोपणाऱ्या आजी तुमच्या ओपीडीत रोज येणार. ती गोळी एकदम बंद केली तर झटके येतात, भ्रम होतो. दर दोन आठवड्यांनी आताच्या डोसच्या १० ते २५ टक्के कमी करत जा. शेवटच्या पाव गोळीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

एका बाबतीत कडक राहा. कागदपत्रांवर. मृत्युपत्र, बक्षीसपत्र, सातबाऱ्यावरची नावं, यासाठी 'मानसिकदृष्ट्या सक्षम' असा दाखला मागायला लोक येतील, बहुधा शुक्रवारी संध्याकाळी, सोमवारी रजिस्ट्रेशन असताना. सही करू नका. पेशंटला एकट्याला भेटा, गरज पडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. तुमच्याकडे काय काय मालमत्ता आहे, वारस कोण, कुणाला काय देताय आणि का, हे त्यांच्या तोंडून ऐका आणि त्यांच्याच शब्दांत लिहा, तारीख-वेळेसह. दाखला त्या एका कामापुरता द्या. डिमेन्शियाचं निदान असणं म्हणजे क्षमता नसणं नव्हे. सुरुवातीच्या टप्प्यातला माणूस मृत्युपत्र करू शकतो, आणि उलट, निदान नसलेला माणूस डिलिरियममध्ये काही ठरवू शकत नाही. मुलाच्या नावावर घर करून दिल्यावर मुलगा बघत नाही, अशी तक्रार आली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ बद्दल सांगा. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. संमतीशिवाय भरती करावी लागली तर २०१७ च्या कायद्याचं कलम ८९ अक्षरशः पाळा: नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, दोन जणांनी स्वतंत्रपणे केलेली पेशंटची तपासणी, ३० दिवसांची मर्यादा, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवणं. पेशंट स्त्री असेल तर तीन दिवसांत कळवायचं, इतरांसाठी सात.

दुसरं वर्ष आहे म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे, म्हणजे एमडीच्या काळात जिल्हा रुग्णालयात काढायचे, तीन महिने बहुधा तुमच्या हातात आहेत. जिल्हा रुग्णालय निवडायची मुभा असेल तर वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमातली ओपीडी आणि दहा खाटांचा वॉर्ड जिथे खरोखर चालतो ते घ्या, आणि मानसोपचाराच्या टेबलावर न बसता त्या ओपीडीत बसा. मुंबईत असेपर्यंत जे.जे.च्या वृद्धोपचार विभागात पोस्टिंग मिळतं का बघा. राष्ट्रीय कार्यक्रमातल्या विभागीय केंद्रांपैकी ते एक आहे. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही आठवडाभर जा. तरुणपणी स्किझोफ्रेनिया झालेले आणि आता सत्तरीला आलेले पेशंट तिथे भेटतात. त्यांच्या जबड्याच्या हालचाली, वजन, साखर आणि चाळीस वर्षांची औषधं एकत्र कशी बघायची, हे ओपीडीत शिकता येत नाही. भूलतज्ज्ञाला विचारून ऐंशीपुढच्या पेशंटच्या ईसीटीला पाच-सहा वेळा सोबत उभ्या राहा. थिसिसचा विषय अजून बदलता येत असेल तर आयसीयूतला सुस्त डिलिरियम घ्या. पेशंट भरपूर मिळतात, डिलिरियम ओळखायची कन्फ्यूजन असेसमेंट मेथड शिकायला सोपी आहे, आणि नांदेडला पहिला फोन याच कामासाठी येणार आहे.